विस्न: वॉर्डाला किती परिचारिका लागतात हे सांगणारी पद्धत कितपत कामाची?

रुग्णालयात माणसं कमी आहेत हे सगळेच म्हणतात. किती कमी, कोणत्या पदावर आणि कोणत्या कामापायी, असं विचारलं की मात्र बैठक गप्प होते. बहुतेक ठिकाणी आकडा खाटांवरून काढलेला असतो: इतक्या खाटा, म्हणून इतक्या परिचारिका. या हिशेबात हर्नियाचं ऑपरेशन होऊन दोन दिवसांत घरी जाणाऱ्या रुग्णांचा वॉर्ड आणि दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते अशा पक्षाघाताच्या रुग्णांचा वॉर्ड एकाच मापाने मोजला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेची विस्न, म्हणजे वर्कलोड इंडिकेटर्स ऑफ स्टाफिंग नीड, ही पद्धत खाटा सोडून काम मोजते. पहिली पुस्तिका 1998 ची, सुधारित 2010 ची आणि त्या आवृत्तीसोबत सॉफ्टवेअरही आलं. पैसे लागत नाहीत. मत आधीच सांगून टाकतो: मनुष्यबळाचा आकडा मागण्यासाठी खाटांच्या कोष्टकापेक्षा ही पद्धत कितीतरी सरस आहे. पण त्यातून रुग्णाची सेवा सुधारेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, प्रत्येक कामाला किती वेळ धरला. दोन, निघालेली माणसं ड्युटीला कशी लावली. यातली पहिली गोष्ट पद्धत तुमच्यावर सोडते आणि दुसरीबद्दल ती काहीच बोलत नाही.

गणित कसं चालतं

पुस्तिकेत पायऱ्या आठ आहेत. कोणता संवर्ग आणि कोणत्या संस्था मोजायच्या ही पहिली पायरी लवकर उरकते. दुसरीपासून घाम गाळावा लागतो.

दुसरी पायरी म्हणजे एका माणसाचा वर्षभरातला कामाचा उपलब्ध वेळ. समजा आठवड्याला पाच दिवस, रोज आठ तास. वर्षाचे दिवस 52 गुणिले 5, म्हणजे 260. त्यातून सार्वजनिक सुट्ट्या 10, वार्षिक रजा 25, आजारपण 8, प्रशिक्षण आणि ऐन वेळच्या इतर रजा 5 असे 48 दिवस वजा केले की 212 दिवस उरतात. तासांत 1,696. आजारपणाचा आकडा नियमात किती रजा बसते त्यावरून घेऊ नका, हजेरीपटावरून प्रत्यक्षात किती घेतली ते काढा. प्रसूती रजेचंही तसंच. ज्या संवर्गात बहुतांश तरुण स्त्रिया आहेत तिथे ही रजा हिशेबाबाहेर ठेवली, तर कागदावरची परिचारिका वॉर्डात कधीच दिसत नाही. जेवणाच्या सुट्टीचं एकदाच काय ते ठरवा: उपलब्ध वेळातून काढायची, नाहीतर पुढे येणाऱ्या दुसऱ्या गटाच्या कामांत धरायची. दोन्हीकडे धरली की आकडा फुगतो आणि तपासणाऱ्याच्या डोळ्यात पहिल्यांदा तेच खुपतं.

मग कामांची विभागणी. रुग्णागणिक होणारं आणि नोंदवहीत आकडा असलेलं काम, म्हणजे दाखल करून घेणं, रोजची शुश्रूषा, डिस्चार्ज, हा पहिला गट. संवर्गातली सगळीच माणसं करतात पण ज्याची आकडेवारी नसते, जसं हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणं), नोंदी, क्रॅश कार्ट म्हणजे तातडीच्या उपचाराची ट्रॉली तपासणं, हा दुसरा. आणि मोजक्यांकडेच असलेलं काम, जसं इन्चार्ज सिस्टरचं ड्युटी लावणं, हा तिसरा. तिन्ही गटांचं गणित वेगळं आहे आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

एक वॉर्ड घेऊ. खाटा 30, वर्षाला दाखल रुग्ण 2,400, रुग्ण-दिवस (रोज दाखल असलेल्या रुग्णांची वर्षभराची बेरीज) 9,600. दाखल करून घ्यायला 40 मिनिटं, एका रुग्णाची दिवसभराची शुश्रूषा अडीच तास, डिस्चार्जला अर्धा तास. 1,696 तासांत एक परिचारिका 2,544 रुग्ण दाखल करून घेऊ शकेल, किंवा 678 रुग्ण-दिवस सांभाळू शकेल, किंवा 3,392 डिस्चार्ज करू शकेल. वर्षाच्या कामाला या आकड्यांनी भागलं की अनुक्रमे 0.94, 14.15 आणि 0.71 परिचारिका लागतात. बेरीज 15.80.

आता दुसरा गट. हँडओव्हरला पाळीमागे अर्धा तास, म्हणजे 6.25 टक्के. नोंदींना 10 टक्के. साठा आणि क्रॅश कार्टला 3.75 टक्के. एकूण 20. इथे 15.80 ला 1.20 ने गुणायचा मोह होतो, आणि ते चूक आहे. परिचारिकेच्या वेळातला पाचवा हिस्सा या कामांत जातो, म्हणजे रुग्णांसाठी 80 टक्केच उरतो. म्हणून 1 ला 0.80 ने भागायचं. गुणक येतो 1.25 आणि गरज 19.75. चुकीच्या वाटेने 18.96 आलं असतं. एका गुणकात जवळजवळ एक अख्खी परिचारिका गळाली.

तिसऱ्या गटाला गुणक लावायचा नाही, तो बेरजेत जातो. इन्चार्जचे रोजचे दोन तास, वर्षाचे 424. नवीन मुलींना शिकवणाऱ्या दोघी सिनियर, प्रत्येकी 106 तास. एकूण 636 तास, भागिले 1,696, म्हणजे 0.375. सगळं मिळून 20.13, म्हणजे 20. अपूर्णांकाचं काय करायचं याचे नियमही पुस्तिकेत आहेत. लहान आकड्यांना ती जास्त सांभाळून घेते: 1.1 पर्यंत एकच माणूस, त्याच्या वर गेलं की दोन. 2.2 पर्यंत दोन, वर तीन. जिथे एकटीदुकटीच परिचारिका असते तिथे 0.2 चा जादा भारही जड जातो, म्हणून हे योग्यच आहे.

प्रत्यक्षात 15 जणी असतील तर फरक पाचाचा आणि गुणोत्तर 0.75. एकाच्या खाली म्हणजे ताण, एकाच्या वर म्हणजे सोय. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात. दोनाऐवजी एक माणूस असलेल्या आरोग्य केंद्राचं गुणोत्तर 0.50 आणि फरक एकाचा. वीसाऐवजी पंधरा असलेल्या वॉर्डात फरक पाचाचा पण गुणोत्तर 0.75. पुढची नेमणूक कुठे करायची हे ठरवताना नुसता फरक पाहिला तर मोठं रुग्णालय दर वेळी बाजी मारतं. या एका सोयीसाठी तरी पद्धत शिकून घ्यावी.

आकडा कुठे फसतो

सगळ्यात महागडी चूक म्हणजे रोजच्या शुश्रूषेला दाखल रुग्णांच्या आकड्याने गुणणं. वरच्याच वॉर्डात 9,600 च्या जागी 2,400 घातले की 14.15 परिचारिकांच्या जागी साडेतीन लागतात असं उत्तर येतं. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. जे काम रोज होतं त्याला रुग्ण-दिवस आणि जे दाखल झाल्यापासून डिस्चार्जपर्यंत एकदाच होतं त्याला दाखल रुग्ण, हे प्रत्येक ओळीसमोर लिहूनच पुढे जा.

दुसरी भानगड नोंदवहीची. रुग्ण-दिवस कधीही खाटा गुणिले 365 च्या वर जाता कामा नयेत. इथे कमाल 10,950 आणि आपले 9,600, म्हणजे 88 टक्के खाटा भरलेल्या. 105 टक्के आले तर जमिनीवर गाद्या टाकल्या जातात की मध्यरात्रीच्या गणतीत तोच रुग्ण दोन वॉर्डांत मोजला जातो, हे आधी शोधावं लागेल. उलट ड्रेसिंग, कॅथेटर, रक्तसंक्रमण यांची नोंदच होत नसेल तर ती कामं झालीच नाहीत असं पद्धत धरून चालते. नोंदी सुधारल्याशिवाय विस्न करायला बसू नये, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. गणतीमुळे आपल्या वॉर्डाला माणूस मिळू शकतो हे कळलं की नोंदवही आपोआप नीट भरली जाते. फक्त पहिल्या फेरीचा निकाल मंत्रालयात पाठवण्याच्या लायकीचा नसतो, एवढं ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट चूक नाही, पद्धतीची मर्यादा आहे. विस्न झालेलं काम मोजते, व्हायला हवं होतं ते नाही. औषधं नाहीत, डॉक्टर नाहीत म्हणून रुग्णांनी पाठ फिरवलेल्या केंद्रात काम कमी दिसतं, गुणोत्तर 1.6 येतं आणि फाइलवर शेरा पडतो: मनुष्यबळ जादा. मग तिथून माणूस हलवला जातो आणि उरलेले रुग्णही जातात. शिवाय चोवीस तास उघड्या प्रसूतिगृहात काम कितीही कमी असलं तरी प्रत्येक पाळीला कोणीतरी असावंच लागतं. वरच्या 212 दिवसांच्या हिशेबाने वर्षभर तिन्ही पाळ्यांना एकेक माणूस द्यायचा तर 1,095 पाळ्या होतात, म्हणजे पाचाच्या वर माणसं. अशा संस्थांसाठी किमान पदं आधी ठरवा आणि विस्नचा आकडा त्याहून जास्त आला तरच तो लावा.

वेळ कोणाचा धरायचा

सेवेचा दर्जा खरा ठरतो तो इथे. पुस्तिकेच्या मते कामाला धरायचा वेळ म्हणजे प्रशिक्षित, कामाची आच असलेल्या माणसाला, आहे त्या परिस्थितीत, व्यावसायिक दर्जा राखून ते काम करायला लागणारा वेळ. व्याख्या चोख आहे. पण व्यवहारात काय होतं? कोणीतरी स्टॉपवॉच घेऊन वॉर्डात उभं राहतं आणि लागलेला वेळ टिपून घेतं.

शिरेतून द्यायचं एक अँटिबायोटिक घ्या. आदेश आणि ॲलर्जीची नोंद पाहायची. हाताला सॅनिटायझर चोळायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे यालाच 20 ते 30 सेकंद लागतात आणि साबण-पाण्याने धुवायचे तर 40 ते 60. कुपी पुसायची, औषध विरघळवायचं, पूर्ण विरघळलं का ते उजेडात पाहायचं. सिरिंजवर लेबल लावायचं. रुग्णाला त्याचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडायचं. सुईची जागा लाल झाली आहे का, सुजली आहे का ते बघायचं, कॅन्युलाचं (शिरेत बसवलेल्या नळीचं) तोंड पुसायचं, सलाईनने फ्लश करायचं. मग औषध सावकाश सोडायचं. बरीच अँटिबायोटिक्स तीन ते पाच मिनिटांत द्यायची असतात आणि काही तर ड्रिपमधूनच. पुन्हा फ्लश, सुई शार्प्सच्या डब्यात, पुन्हा हात, आणि नोंद.

हे सगळं जसंच्या तसं केलं तर दहा-बारा मिनिटं सहज जातात. एकटी परिचारिका तेरा रुग्ण सांभाळते त्या वॉर्डात स्टॉपवॉच चार मिनिटं दाखवेल, कारण सहा सिरिंजा एकदम भरून ट्रेमध्ये घेतलेल्या असतात, लेबलं नसतात, औषध अर्ध्या मिनिटात ढकललेलं असतं आणि दोन रुग्णांमध्ये हात धुतलेले नसतात. ही चार मिनिटं मानक म्हणून घातली की सूत्र बिनचूक चालतं आणि आजच्याच टंचाईला शास्त्रीय शिक्का मारून देतं. जंतुसंसर्ग वाढला की मग हात धुण्याचं प्रशिक्षण ठेवलं जातं. त्या प्रशिक्षणाने फारसा फरक पडणार नाही, कारण हात धुवायला लागणारा वेळ हिशेबात कधी नव्हताच.

उलटा धोकाही आहे. तज्ज्ञांच्या गटात नुसते विभागप्रमुख बसवले तर प्रत्येक कामाला पाठ्यपुस्तकातला वेळ लावला जातो, तीन वर्षांत मिळणार नाहीत एवढी पदं निघतात आणि अहवाल कपाटात जातो. मधला मार्ग असा: काम पायऱ्यांत मोडा, कोणत्या पायऱ्या वगळायच्याच नाहीत ते आधी लिहा आणि मग सहा-आठ अनुभवी परिचारिकांना वेगवेगळा अंदाज मागा. अंदाजांत दुपटीचं अंतर पडलं तर भांडू नका. बहुधा एकीने तयारी आणि आवराआवर धरलेली असते, दुसरीने नाही. स्टॉपवॉच ठेवायचंच तर पूर्ण माणसं असलेल्या पाळीत ठेवा.

वीस माणसं, पण रात्री किती?

विस्नचा निकाल वर्षाची सरासरी असतो. रुग्णाला सरासरी मिळत नाही, समोरची पाळी मिळते. वरच्या वॉर्डात रोज सरासरी 26 रुग्ण असतात. वीस परिचारिकांचे वर्षाचे तास 365 दिवसांवर वाटले की दिवसाला सुमारे साडेअकरा पाळ्या मिळतात. सकाळी पाच, दुपारी चार, रात्री तीन लावल्या तर त्या किंचित कमीच पडतात, आणि रात्री एकीकडे नऊ रुग्ण येतात. पंधराच असतील तर पाळ्या पावणेनऊच्या आसपास: चार, तीन, दोन. म्हणजे रात्री एकीकडे तेरा. अहवालात लिहिलेलं असतं 0.75. ऐकायला ते तीन चतुर्थांश भरलेलं वाटतं.

तुलनेसाठी: इंग्लंडच्या नाइस संस्थेने 2014 च्या मार्गदर्शनात दिवसपाळीला एका नोंदणीकृत परिचारिकेकडे आठपेक्षा जास्त रुग्ण असणं ही धोक्याची खूण मानली आहे. त्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, युरोपातल्या नऊ देशांच्या 300 रुग्णालयांच्या अभ्यासात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यातून थेट कार्यकारण सिद्ध होत नाही. पण पाळीच्या पातळीवर माणसं मोजायला तो पुरेसं कारण देतो. म्हणून विस्नच्या अहवालाला एक जादा रकाना जोडा, पद्धतीत नसला तरी: प्रत्येक पाळीत एका परिचारिकेकडे सरासरी किती रुग्ण आणि महिन्यातल्या सगळ्यात वाईट रात्री किती.

त्याच युरोपीय अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष विस्नची आणखी एक उणीव उघडी करतो. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त तिथे मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी कमी होती. विस्नला अशा गोष्टी दिसतच नाहीत. तिच्या लेखी कालच रुजू झालेली मुलगी आणि दहा वर्षं अतिदक्षता विभागात काढलेली सिनियर, दोघी एकेकच. वर्षाला निम्म्या मुली सोडून जाणाऱ्या वॉर्डाचं गुणोत्तर 1.0 असू शकतं आणि तरी तिथे रात्री सगळ्या नवख्याच असतात. गळती, रिक्त पद भरायला लागणारे दिवस, नव्या माणसाला एकटीने ड्युटी देण्याआधीचे सोबतीचे आठवडे, हे सगळं वेगळं पाहावं लागतं. सोबतीच्या काळात नवखीला पूर्ण एक धरू नका.

परिचारिकांचा बराच वेळ एक्सरेचे कागद आणणं, औषधाच्या दुकानातून पेट्या उचलणं, संगणकात तीच नोंद दुसऱ्यांदा करणं यात जात असेल, तर विस्न इमानेइतबारे तेवढ्या जादा परिचारिका मागते. हे काम परिचारिकेचं आहे का, हे ती विचारत नाही. कामांची यादी करतानाच प्रत्येक ओळीसमोर दुसरा कोणता संवर्ग हे करू शकेल ते लिहून ठेवलं तर पाच परिचारिकांच्या मागणीतल्या दोन जागा एका वॉर्डबॉयने आणि एका लिपिकाने भागू शकतात. ही मागणी मंजूर होणंही सोपं जातं.

घ्यावी कोणी

अनेक संस्था चालवणाऱ्या यंत्रणेने जरूर घ्यावी: जिल्हा, महापालिका, साखळी रुग्णालयं. एकच मापदंड सगळीकडे लावून कुठे किती ताण आहे ते एका तक्त्यात दिसणं, हे या पद्धतीचं खरं बळ. पुस्तिका तीन गट नेमायला सांगते: निर्णय घेणारी सुकाणू समिती, आकडेमोड करणारी तांत्रिक तुकडी आणि कामाचे वेळ ठरवणारा प्रत्येक संवर्गाचा तज्ज्ञ गट. तिसऱ्या गटात रात्रपाळी करणाऱ्या दोन तरी परिचारिका हव्यात. सुकाणू समितीत वित्त विभागाचा माणूस पहिल्या बैठकीपासून नसेल तर शेवटच्या बैठकीत तो 1,696 तास कुठून आले हेच विचारत बसतो.

एकाच रुग्णालयाला आज दुपारी कोणत्या वॉर्डात माणूस हलवायचा एवढंच कळायला हवं असेल, तर विस्न त्या कामाची नाही. तिथे रुग्णाच्या अवस्थेवरून रोज गणती करणारी साधनं घ्या.  अशा साधनांत प्रत्येक रुग्णाला तो किती अवलंबून आहे त्यावरून पातळी दिली जाते आणि तिच्यावरून परिचारिका ठरतात. त्यांना वेळ रोज द्यावा लागतो आणि दोघींनी एकाच रुग्णाला वेगळी पातळी दिली की वाद होतात. मोठ्या रुग्णालयाने वार्षिक पदांसाठी विस्न आणि रोजच्या वाटपासाठी असं साधन, दोन्ही चालवायला हरकत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. अनेक संस्थांची तुलना करायची असेल तर उपयोगी, एका रुग्णालयाला साधी स्प्रेडशीट पुरते आणि सूत्र समोर दिसत असल्याने चूकही लवकर सापडते. कामाची आकडेवारी दर वर्षी नवी घाला. कामाचे वेळ दर वर्षी बदलू नका, नाहीतर गुणोत्तर सुधारलं ते माणसं आल्यामुळे की मिनिटं कापल्यामुळे हे कोणालाच सांगता येणार नाही. नवं यंत्र, नवा उपचार किंवा संगणकीय नोंदी आल्या तर त्या एका कामाचा वेळ पुन्हा ठरवा आणि जुना आकडा तारखेसह शेजारच्या रकान्यात राहू द्या.